किसन पेंटरच्या हातातली बाई

शनिवारची मुक्कामी एस.टी. गावात शिरली की माणसांच्या आधी टर्पेंटाइनचा वास खाली उतरतो, असं आमच्या गावचा हॉटेलवाला सोपान म्हणायचा. वासामागून किसन पेंटर उतरायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत पोरांसाठी पाव आणि बायकोसाठी मोगऱ्याचा पुडा. पुण्याहून इथवर धक्के खात आलेला तो मोगरा निम्मा काळा पडलेला असायचा. तरी दर शनिवारी यायचा.

मी कोळवणच्या खोऱ्यातल्या त्या गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका म्हणून गेले तेव्हा सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. किसनच्या घराची पडवी मला राहायला मिळाली. त्याच्या आणि माझ्या संसारात एका कुडाच्या भिंतीचं अंतर. त्यामुळं किसन घरी आला की काय होतं, हे मला न बघता कळायचं. आधी रॉकेलनं हात धुण्याचा आवाज, मग साबण, मग त्याच्या बायकोचा, अंजनाचा, हुकूम, "आना हिकडं." ती त्याचे हात नाकाशी नेऊन हुंगायची. "न्हाई गेला वास. जावा परत." असा तो दोनदा-तीनदा मोरीवर जायचा तेव्हा कुठं त्याला ताट मिळायचं. दोघंही हसत असायचे. मला मात्र कुडाच्या अलीकडे उगीचच अवघडल्यासारखं व्हायचं.

किसन चौथीपर्यंत शिकलेला. पुण्यात सिनेमाचे मोठे बोर्ड रंगवणाऱ्या एका कारखान्यात तो पोरगा असल्यापासून होता. आधी रंग घोटायला, मग अक्षरांना, आणि आता चित्रांना. आठवडाभर तिथंच झोपायचा आणि रविवार गावात काढायचा. तो रविवारही मोकळा जात नसे. कुणाच्या बैलगाडीवर नाव काढ, कुणाच्या दारावर गणपती काढ, असं चालूच. भिंत दिसली की आधी तो तिच्यावर तळवा फिरवणार, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि म्हणणार, "ही तान्हेली हाय. लई रंग पिनार."

शाळेच्या भिंतीवर त्यानं मला मुळाक्षरं काढून दिली. "आई"साठी बाई काढली, ती अगदी अंजना. रुंद कपाळ, आणि डावी भुवई जराशी वर चढलेली, आता ही "व्हय का?" म्हणून विचारणार अशी. मी म्हटलं, "किसन, ही तर अंजनाच." तो मागं सरकला, मान वाकडी करून बघितलं, आणि खरोखर दचकला. "आयला. आली का हितं बी?"

कारण ती सगळीकडेच यायची. ते दिवस कुटुंब नियोजनाच्या भिंतींचे होते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर किसननं काढलेली दोन मुलांची सुखी आई अंजना होती. पिठाच्या गिरणीवरची कमळातली लक्ष्मी अंजना होती. गावात कुठंही जा, ती भुवई वर करून विचारायची, व्हय का? त्याला दुसरी बाईच येत नसे. पुरुष वाटेल तेवढे वेगवेगळे यायचे. बाईपाशी आला की हात हट्ट करायचा. "हात जातो तितंच जातो," एवढंच तो सांगायचा.

अंजनाला हे आवडायचं, हे मी पाहिलेलं आहे. दळण घेऊन गिरणीत गेली की डबा खाली ठेवून ती लक्ष्मीसमोर घटकाभर उभी राहायची आणि स्वतःचा पदर नीट करायची. गिरणीवाला म्हणायचा, "वैनी, आज लक्षुमीपरास तुमीच उजळ दिसताय." ती म्हणायची, "तिला भात लावायला जावं लागत न्हाई," आणि हसत पुढं जायची.

एकदा मी शाळेची पुस्तकं आणायला पुण्याला निघाले होते. आदल्याच दिवशी त्यांची पोर, कुसुम, आंब्यावरून पडून तिचा हात मोडला होता. अंजनानं सांगितलं, "बाई, तेवडा ह्यांना निरोप द्या. म्हनावं, आजच या." मी पत्ता शोधत कारखान्यात गेले. पत्र्याची मोठी शेड होती. चहूकडे लाकडी चौकटींवर ताणलेली कापडं, आणि त्यांवर माणसाहून मोठे हात, डोळे, पिस्तुलं. किसन शिडीवर होता. त्याच्यासमोर एका नाचणाऱ्या बाईचं अंग होतं, डोक्याच्या जागी कोरं कापड, आणि अंगावर दोन चकचकीत चिंध्या. खाली मालक उभा होता, त्याला सगळे शेठ म्हणायचे. तो वर बघून ओरडत होता, "अजून फुगव, किसन. बसमधल्या माणसाला बघायला किती वेळ मिळतो? तेवढ्यात त्याच्या डोळ्यांत भरलं पाहिजे."

किसननं वळून मला पाहिलं. त्याचे कान लाल झाले. तो शिडीवरच हात पसरून उभा राहिला, त्या बाईला माझ्यापासून झाकायला. ती त्याच्या तिप्पट होती. काहीच झाकलं गेलं नाही.

परतीच्या गाडीत पिरंगुट येईपर्यंत तो नखांतला रंग खरवडत बसला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाई, घरी सांगू नगा. तिला वाटतंय, मी द्येवादिकांचे शिनेमे रंगवतो."

"मी कशाला सांगू?"

"मी मानूस काडत न्हाई तितं," तो म्हणाला. "खडूच्या चौकटी आखलेल्या असत्यात. येका चौकटीत काय हाय, तेवडंच बगायचं आन् भरायचं. मांडी हाय का काय हाय, मला ठावंच नसतंय. खाली उतरलो की दिसतंय. मग मी बगत न्हाई." थोड्या वेळानं म्हणाला, "त्वांड मातूर चौकटीत बसत न्हाई. त्ये शेवटाला काडतो. डोळं झाकून काडल्यागत."

मला तेव्हाच समजायला हवं होतं, असं नंतर वाटलं. पण कोणालाच समजलं नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही.

सकाळच्या खेळाला लागणाऱ्या कुठल्याशा सिनेमाचा बोर्ड होता तो. नटीचा धड फोटोही आलेला नव्हता. "चेहरा कुठलाही टाक," शेठ म्हणाला होता. बोर्ड लकडी पुलाच्या अलीकडे चढला. आमच्या खोऱ्यातून दूध आणि तांदूळ घेऊन जाणारी माणसं त्याच रस्त्यानं जायची.

गावात बातमी आली ती हसत आली. सोपानच्या हॉटेलात कुणीतरी म्हणालं, "वैनींना भेटून आलो." दुसरा म्हणाला, "कशा हायेत?" "बऱ्या हायेत. उकाडा लई हाय पुन्यात, कापडं बेतानंच घालत्यात." मी पोस्टात जाता जाता हे ऐकलं तेव्हा मला अर्थ लागला नाही. पण त्या आठवड्यात काही काम नसलेली माणसंही पुण्याला जाऊन आली. ज्यांनी आयुष्यात कधी पुतळा किंवा चित्र बघायला वाट वाकडी केली नव्हती, ती एस.टी.चं तिकीट काढून गेली. आल्यावर अंजना समोरून आली की त्यांचे डोळे तिच्या तोंडावरून खाली घसरायचे. अंगावर नऊवारी, डोक्यावर पदर, काखेत कळशी. तरी ते शोधत असायचे.

नदीवर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. काय झालं, हे तिला कुणी सांगेना. शेवटी तिच्या माहेराहून, माण गावाहून, भाऊ आला. ओट्यावर चढलाही नाही. अंगणातूनच ओरडला, "तुज्या नवऱ्यानं तुला पुन्यात उघडी टांगलीया. समदं जग बगतंय. आन् तू हितं भात शिजीव."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना माझ्या पडवीत आली. पातळ धुतलेलं, डोक्याला तेल. "बाई, मला पुन्याला न्या. मला बगायचंय."

"कशाला, अंजना? मी त्याला निरोप धाडते."

"समद्यांनी बगितलंय. मीच तेवडी ऱ्हायलीया."

आम्ही गेलो. पुलाच्या अलीकडे उतरलो. ती कधी शहरात फारशी आलेली नव्हती, सायकलींना बिचकत होती. मी नुसता हात वर केला. तिनं वर पाहिलं.

ते अंग कुणाचंच नव्हतं. कुठल्या बाईचं असतं असं अंग? पण तोंड तिचं होतं. रुंद कपाळ, आणि भुवई वर. फक्त गिरणीवर तिथं जो भोळा प्रश्न होता, तो इथं, त्या चिंध्यांच्या वर, भलतंच काहीतरी विचारत होता. रेषही बदललेली नव्हती. खालचं अंग बदललं तसा तोंडाचा अर्थ बदलला होता.

बोर्डाखाली एक माणूस शेंगदाणे खात वर बघत होता. त्याच्या शेजारी ती उभी होती. त्याला पत्ता नव्हता. मी एकदा वर बघितलं आणि एकदा अंजनाकडं. तिनं मला तसं बघताना पाहिलं. मी मान वळवली, पण ते झालं होतं.

तिनं पदर आधी कपाळापर्यंत आणि मग नाकापर्यंत ओढला. पदराच्या आतून म्हणाली, "त्ये अंग माजं न्हाई, बाई."

"मला माहीत आहे."

"तुमाला हाय. लोकांना कसं सांगू?" ती थांबली. "माजं असं न्हाई, ह्ये सांगायचं म्हंजे माजं कसं हाय त्ये सांगावं लागंल. त्ये कसं सांगत्यात?"

मी शिकवणारी बाई. पण हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हता. आम्ही रस्ता ओलांडून परतीच्या गाडीला उभ्या राहिलो. गाडीत तिनं तोंड उघडं केलं नाही.

शनिवारी किसन आला. त्या दिवशी रॉकेल नाही, साबण नाही. अंजनानं त्याचे हात मागितले नाहीत. कुडापलीकडून मला तिचा आवाज आला, बारीक, ओरडा नसलेला. "पुलापाशी जाऊन आले मी."

मग किसन म्हणाला, "कशाला?" आणि मग, "काय दिसलं?"

"मीच दिसले. तुमी बगितलं न्हाई व्हय, कुनाचं त्वांड लावलंया त्ये?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. बोर्ड तुकड्यातुकड्यानं रंगतो, तुकड्यातुकड्यानं गाडीवर चढतो, आणि किसन कधी आपला बोर्ड बघायला जात नसे. तो नुसता "आईशप्पत, आईशप्पत" म्हणत राहिला. ती म्हणाली, "माजं त्वांड तेवडं काडून आना."

रविवारी पहाटेच्याच गाडीनं तो गेला. पुढचं मला सोपाननं सांगितलं. तो त्याच्याबरोबर गेला होता. भर बाजाराच्या वेळी किसन बांबूंवरून वर चढला, डबा कमरेला बांधून. खाली माणसं जमली. त्यांना वाटलं, कपडे घालायला चढलाय. "ए, राहू दे, राहू दे!" म्हणून शिट्ट्या झाल्या. किसननं सपाट गुलाबी रंगानं ते तोंड पुसलं. कपाळ, भुवई, डोळे, ओठ, सगळं. तो खाली उतरला तेव्हा वर नाक-डोळे नसलेलं एक गुळगुळीत तोंड होतं आणि खाली अंग जसंच्या तसं. शिट्ट्या थांबल्या. "हात्तिच्या, तोंडच पुसलं की," म्हणून गर्दी पांगली.

किसन शेठकडे गेला. नोकरी जाणार म्हणून मान खाली घालून उभा राहिला. शेठ रस्त्यावर जाऊन बघून आला आणि हसला. "असू दे. चालतंय. तोंड कोण बघतो?"

आणि चाललंही. तो सिनेमा उतरेपर्यंत ती बिनतोंडाची बाई तशीच टांगलेली होती. एकानं तक्रार केली नाही. किसनला नोकरीवरून कुणी काढलं नाही. त्यानंच पुन्हा कारखान्यात पाऊल टाकलं नाही. मला म्हणाला, "शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं, बाई. त्यो हसला." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जी लाज होती ती मी त्यापूर्वी कुणा पुरुषाच्या तोंडावर पाहिली नव्हती. पुरुषांची लाज बहुधा रागाचे कपडे घालून येते. ही उघडी होती.

मग तो गावातच राहिला. वडिलांची भातखाचरं होती, ती करू लागला. ब्रश पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवले. गावात चेष्टा काही वर्षं चालली, मग जुनी झाली. अंजना नदीवर बाकीच्या बायका परतल्यावर जायची, तेही हळूहळू सुटलं. पण गिरणीत तिनं नंतर कधी पाय ठेवला नाही. दळण कुसुम न्यायची.

एकदा गावकरी त्याच्याकडे आले. वाघजाईच्या देवळाची डागडुजी झाली होती. आत शेंदराचा तांदळा होता, नुसता दगड. मागच्या भिंतीवर त्यांना अष्टभुजा देवी हवी होती. "कॅलिंडरात आसती तशी. भरदार," पुढारी म्हणाला. किसन भात मळत होता. मान वर न करता म्हणाला, "मला जमायचं न्हाई."

"आरं, पुन्यात जमत व्हतं की."

"माज्या हातात येकच बाई हाय, अन्ना. ती तुमी बगितलेली हाय. उद्या तुमी तिच्या म्होरं हात जोडून उभं ऱ्हानार, आन् तुमच्या डोळ्याफुडं काय येईल, त्ये तुमाला बी ठावं हाय आन् मला बी."

पुढाऱ्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. बरोबरच्या माणसांपैकी एकजण आपल्या चपलांकडे बघू लागला. माणसं निघून गेली. देवी नंतर दुसऱ्या कुणीतरी काढली. गोरीपान, गालावर गुलाबी, अगदी कॅलेंडरसारखी. तिच्यापुढं नारळ फुटतात.

माझी बदली झाली. जाणं-येणं कमी झालं. कुसुमच्या लग्नाला मात्र मी गेले. तोवर खोऱ्यात शहरातल्या लोकांनी जमिनी घ्यायला सुरुवात केली होती, आणि लग्नात पौडहून फोटोवाला बोलावण्याची पद्धत आली होती.

मी स्वयंपाकाच्या मांडवात अंजनाला शोधलं. ती चुलीपाशी घामाघूम, केस पांढरे झालेले. मी म्हटलं, "फोटोला चल ना, सगळे थांबलेत." मला वाटलं होतं, ती घाबरेल. पण ती उलथनं खाली ठेवून माझ्याशेजारी बसली.

"फोटूचं मला काय न्हाई, बाई. लोकांनी बगितलं, त्येची लाज कवाच गेली माजी. किती दिवस धरायची? पन ह्या मानसानं त्या दिसापासनं माज्या तोंडाकडं बगितलं न्हाई. जेवायला वाढलं तर ताटाकडं बगनार. बोलला तर भिंतीकडं बगून बोलनार. म्हनतो, बगितलं की हातात उतरतंय, भ्या वाटतंय." तिनं पदरानं मान पुसली. "त्येची लाज मातूर जात न्हाई. मला आपलं वाटतं, माज्यातच काय वंगाळ हाय का काय."

इतकी वर्षं कुडाच्या भिंतीशी राहून मला हे कळलेलं नव्हतं.

आम्ही मांडवात आलो. फोटोवाल्यानं नवरा-नवरीच्या एका बाजूला किसनला उभं केलं, धुतलेला सदरा, नवी टोपी, नजर जमिनीला. दुसऱ्या बाजूला वरमाई. अंजना गेली ती सरळ किसनच्या शेजारी. पदर डोक्यावर होता, तोंड पूर्ण उघडं.

"आता तरी वर बगा," ती म्हणाली.

"हितं?" किसन पुटपुटला. "मान्सं हायेत."

"मान्सांनी बगितलंच हाय की. तुमचंच ऱ्हायलंय."

कुसुम मुंडावळ्यांच्या आडून बापाकडं बघत होती. वऱ्हाडातल्या बायका कुजबुजायच्या थांबल्या. किसननं मान वर केली. जड ओझं उचलावं तशी, थांबत थांबत. अंजनाच्या खांद्यापाशी थांबला, आणि मग तिच्या तोंडावर आला.

"काका, इकडं बघा, इकडं," फोटोवाला म्हणाला. पुन्हा म्हणाला. मग कंटाळून त्यानं बटण दाबलं.

अंजना समोर बघत होती, ताठ. किसन तिच्याकडं बघत होता, चोरी करताना पकडल्यासारख्या चेहऱ्यानं, आणि त्याला मान वळवता येत नव्हती.